चुन्याची निवळी

सोमवार, २९ ऑक्टोबर २०१२, सकाळी १०. उरले ६५ तास

शाळा बंद, ऑफिसं बंद, आगगाड्या आदल्या संध्याकाळपासूनच हळूहळू थांबवत आणलेल्या. न्यू जर्सीत त्या दिवशी चालू होतं ते फक्त सॅंडी वादळ. आणि योगायोग असा, की त्याच रात्री कोजागिरी. चंद्र दिसण्याची शक्यता शून्य होती, तरी नवऱ्याने गॅलनभर दूध आणून ठेवलं होतं. वादळ असो नाहीतर काही असो, आटवलेलं दूध झालंच पाहिजे.

तो जायफळ शोधत होता आणि मी बादलीत चुना कालवत होते.

पानाला लावतात तोच चुना, फक्त जास्त शुद्ध. पाच गॅलनांची, म्हणजे एकोणीस लिटरची बादली, त्यात गाळलेलं गोडं पाणी आणि दहा चमचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ढवळलं की दुधासारखं पांढरं होतं. तास-दोन तासांत साका तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. जर्मन लोकांनी या पाण्याची युक्ती मत्स्यालयवाल्यांमध्ये रूढ केली, म्हणून जगभर त्याला ‘काल्कवासर’ म्हणतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं. ही तर चुन्याची निवळी! आमच्या मालवणच्या घरी आजी लहान मुलांना चमचाभर पाजायची.

माझ्या घरी ती प्यायचे प्रवाळ. दगडी प्रवाळ आपला सांगाडा स्वतः बांधतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि त्याची चुनखडी करतात. शिंपल्याचंही तेच. समुद्राला त्याचं काही वाटत नाही, पण काचेच्या पेटीतलं पाणी आठवड्याभरात कंगाल होतं. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की त्याच्याबरोबर अल्कलिनिटीचे २.८ अंश जातात. हा हिशोब कधी चुकत नाही. निवळीत दोन्ही योग्य प्रमाणात असतात, म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साध्या पाण्याऐवजी निवळी टाकायची. आमच्या टाकीतून रोज सुमारे तीन लिटर पाणी उडून जाई. तेवढी भर एक छोटा पंप आपोआप घालायचा. मोठ्या टाकीखालच्या छोट्या टाकीतलं पाणी घटलं की तरंगता स्विच खाली येतो आणि पंप सुरू. पातळी आली की बंद.

एरवी मी बादली अर्धी भरते. वादळात चार दिवस तिकडे बघायला होणार नाही, म्हणून त्या दिवशी काठोकाठ भरली.

दुपारी ४. उरले ५९ तास

वहीत शेवटची नोंद केली. तापमान २५.५ अंश, क्षारता हजारी ३५, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८, पीएच ८.२. चार वर्षं हे आकडे या रेषेवरून फारसे ढळले नव्हते. लोक मला विचारत, योग्य आकडा कोणता? मी म्हणायची, काल जो होता तो. अल्कलिनिटी सातवर असो की नऊवर, प्रवाळ निभावून नेतात. सातवरून नऊवर एका रात्रीत नेली तर मात्र फांद्यांच्या टोकांची कातडी सोलून निघते.

टाकी नव्वद गॅलनांची, खालची पंचवीसची. खालच्या टाकीला ‘सम्प’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द कधीच शुभ वाटला नाही. वर ॲक्रोपोराच्या शिंगांसारख्या फांद्या, थाळीसारखा पसरलेला मॉन्टिपोरा, मेंदूच्या वळ्या असलेला एक गोळा, दोन क्लाउन मासे आणि हवाईचा एक पिवळा टँग. आणि मधोमध वाळूवर निळोबा.

निळोबा म्हणजे आमचा ट्रायडॅक्ना डेरासा. मोठ्या शिंपल्यांच्या जातीतला, पलाऊ बेटांवरच्या शिंपल्यांच्या शेतीत वाढलेला. आला तेव्हा सहा सेंटिमीटर होता, आता अठरा. नाव मुलाने ठेवलेलं. शिंपल्याच्या ओठांबाहेर मांसाची जाड झालर पसरलेली असते आणि तिच्यावर निळे-सोनेरी पट्टे. त्या झालरीत सूक्ष्म शैवालं राहतात, ऊन खातात आणि मालकाला साखर देतात. झालरीच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. टाकीवरून नुसता हात फिरवला, सावली पडली, की निळोबा झटक्यात अंग आत ओढायचा आणि पाण्याची एक पिचकारी मारायचा. दिवसातून एकदा तरी मी हा खेळ करायची. मालवणात वाढलेल्या बाईला शिंपला म्हटलं की तिसऱ्यांचं एकशिपी आठवायला हवं. इथे मी त्याची विचारपूस करत होते.

मालवणला हे करताच आलं नसतं म्हणा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, पण भारतात २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ठेवणं हा गुन्हा. कायदा योग्यच आहे. माझे प्रवाळ इतर छांदिष्टांच्या टाक्यांतून तोडून आणलेल्या बोटाएवढ्या फांद्यांपासून वाढले होते, हे मी प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगायची.

रात्री ८:१०. उरले ५५ तास

साडेसातच्या सुमारास वादळ अटलांटिक सिटीजवळ ब्रिगन्टाईनला किनाऱ्यावर चढलं. पौर्णिमेची भरती आणि वादळाने ढकललेलं पाणी एकत्र आलं. रात्री सव्वानऊनंतर मॅनहॅटनच्या टोकाला पाणी जवळपास चौदा फुटांवर गेलं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आम्हाला कळलं ते एवढंच, की मागच्या ओकच्या झाडाचा करकर आवाज आला, खिडकीत हिरवा उजेड दोनदा चमकला आणि घर गप्प झालं.

प्रवाळ पाळणाऱ्या घरात कधीच शांतता नसते. पंपांची घरघर, वरून खाली पडणाऱ्या पाण्याची खळखळ. ती थांबली की माणूस झोपेतूनही उठतो. पाईपांत आणि काठावर अडलेलं पंचवीसेक लिटर पाणी सम्पमध्ये उतरलं. तो तरंगता स्विच पार वर जाऊन बसला.

गॅसवर दूध उकळत होतं. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात प्यायलो.

रात्री ११. उरले ५२ तास

अंधार आणि थंडी यांच्याआधी मारतं ते प्राणवायूचं कमी होणं. पंचवीस अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरला जेमतेम सात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दिवसा शैवालं त्यात भर घालतात, रात्री तीच पाहुणी मंडळी यजमानाबरोबर बसून खातात. पाणी हललं नाही तर वरून नवा प्राणवायू मिसळत नाही.

टँग पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागला. मी मोठं पातेलं घेतलं, पाणी उपसायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं. दर दहा मिनिटांनी वीस पातेली. मोठ्या सेलवर चालणारा हवेचा पंप घरात होता. सेल नव्हते. तीन दिवस आधीपासून ओक ट्री रोडवरच्या दुकानांतही ते संपले होते.

मंगळवार ३०, पहाटे ४. उरले ४७ तास

मुलाच्या खेळण्यातल्या ट्रकमधून चार सेल निघाले. नवऱ्याला आठवलं. पंप लावला, बुडबुडे सुरू झाले. टँग खाली गेला. कोजागिरीला लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ म्हणून विचारत फिरते म्हणतात. मी जागी होते.

मंगळवार दुपारी १. उरले ३८ तास

टाकी २२.४ अंशांवर. बाहेर बारा, घरात सतरा. घर तापवणारी भट्टी गॅसची, पण तिचा पंखा विजेवर. आईने साताऱ्याहून पाठवलेल्या दोन गोधड्या टाकीला गुंडाळल्या, वर थर्माकोल. स्वयंपाकाचा गॅस काडी लावून पेटत होता, त्यावर पाणी तापवून दोन लिटरच्या बाटल्या टाकीत सोडायला सुरुवात केली. हिशोब सोपा. टाकीतलं पाणी एक अंशाने वाढवायला अशा तीन बाटल्या. एकदम सहा टाकायच्या नाहीत. मघाशी म्हटलं तेच, काल होतं त्यापासून फार लांब जायचं नाही.

शेजारच्या पटेलकाकांकडे जनरेटर होता. छोटा, दोन किलोवॅटचा. त्यांचा फ्रीज, आमचा फ्रीज आणि माझे ‘मछली लोक’ अशी वाटणी झाली. काकांनी लांब वायर खिडकीतून आत दिली. त्यावर मी फक्त एक हीटर आणि पाणी ढवळणारा एक पंखा लावला. बाकीचं सगळं आपापल्या भिंतीतल्या जागी, मेलेल्या विजेवर. दिवसातून तीनदा, दोन-दोन तास. पेट्रोल मिळेना म्हणून तेवढंच. रांगा मैलभर लांब होत्या. शनिवारपासून सम-विषम नंबरांची पाळी लावावी लागली इतक्या.

बुधवार ३१, सकाळी ९. उरले १८ तास

लिहायला विशेष काही नाही, आणि हीच मोठी बातमी होती. टाकी २२ वर स्थिर. प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात राहू शकतात. वादळ आलं की खऱ्या समुद्रातही पाणी गढूळ होतं, ऊन दिसत नाही. मेंदूच्या गोळ्याने रात्री बाहेर काढलेले तंतू अजून आत घेतले नव्हते. ॲक्रोपोराचा रंग थोडा तपकिरी, पण कातडी शाबूत. निळोबावर टॉर्च मारला, मध्ये हात धरला. झटक्यात आत! मुलगा ओरडला, “आई, जिवंत!”

गव्हर्नर ख्रिस्टींनी हॅलोविन पुढच्या सोमवारवर ढकलला होता. हुकूम काढून सण पुढे ढकलता येतो हे मुलाला काही पटेना.

संध्याकाळी ६. उरले ९ तास

इथून चुकायला सुरुवात झाली. खरं सांगायचं तर मी जे केलं ते सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच केलं.

सम्पला कुजका वास यायला लागला होता. दोन दिवस न हललेलं पाणी, तळाशी साठलेला गाळ, गाळणीच्या बोळ्यांत मेलेले जिवाणू. असं पाणी वीज आल्यावर वरच्या टाकीत गेलं तर विषच. म्हणून गाळण्या काढल्या आणि सम्पमधलं पाणी उपसून दोन बादल्या मोरीत ओतल्या. दोन्ही मिळून वीसेक लिटर. मग त्याच बादल्यांत समुद्री मीठ कालवून ठेवलं. मीठ नीट विरघळायला रात्रभर लागतं. सकाळी ते पाणी सम्पमध्ये घालून भरपाई करायची.

कोणते प्लग काढायचे ते एकेक करून बघितलं. दिवे काढले. एकदम लख्ख उजेड नको. फेस काढणारं यंत्र काढलं. ते उतू जातं. पाणी वर चढवणारा मोठा पंप आणि त्याच्याजवळचा हीटर मात्र ठेवले, रात्री वीज आलीच तर पाणी निदान फिरायला लागेल. हा विचारही बरोबरच होता.

निवळीच्या पंपाचा प्लग टाकीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, गोधडीच्या आड होता.

रात्री ११:३०. उरले साडेतीन तास

काकांनी जनरेटर बंद केला. सेलवरचा पंप चालू. तीन रात्रींत मी मिळून सहा तास झोपले असेन. नवरा म्हणाला, “आता तू झोप. चारला मी उठतो.” मी झोपले.

गुरुवार १ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

वीज आली.

कुणीच उठलं नाही. काय झालं ते मी नंतर बादली, स्विच आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून जुळवलं. वीज आल्याक्षणी ते घड्याळ बारा वाजल्यापासून मिनिटं मोजायला लागतं.

मोठा पंप सुरू झाला. सम्पमधलं पंचवीस लिटर पाणी पुन्हा वर गेलं, जिथे ते असायला हवं तिथे. पण सम्पमधून वीस लिटर मी काढून टाकलं होतं. पातळी सरळ खाली आली. तरंगता स्विच बिचारा तिच्याबरोबर खाली आला. त्याला एवढंच कळतं, की पाणी कमी झालंय, भर घाला. त्याने पंपाला हुकूम दिला.

पंप बादलीच्या तळाशी होता. म्हणजे दोन दिवस बसलेल्या साक्यात. हा पंप मी स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला, मिनिटाला पाऊण लिटर फेकणारा. दिवसाला तीन लिटर लागतात तिथे एवढी ताकद कशाला? जाणकार तासाला लिटरभरसुद्धा न देणारा पंप लावतात, अडकला तरी सकाळपर्यंत जीव घेणार नाही असा. बादलीही टाकीला झेपेल एवढीच ठेवतात. हे मला माहीत होतं. चार वर्षं काही झालं नाही म्हणून माहीत असून उपयोग झाला नाही.

३:१४

तीन लिटर गेले. दिवसाचा वाटा संपला.

३:३५

पंप रिकाम्या बादलीतून हवा ओढायला लागला. सहा दिवसांचा चुना पंचवीस मिनिटांत, साक्यासकट. निवळीचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. टाकीचा पीएच आठवरून नऊच्या वर गेला. या मापात एक अंक म्हणजे दहापट. एवढं झाल्यावर पाणी आपली चुनखडी धरून ठेवू शकत नाही. ती हवेतल्या धुक्यासारखी जागच्या जागी गोठायला लागते, फांद्यांवर, काचेवर, पंपाच्या पात्यांवर, शिंपल्याच्या कल्ल्यांवर. ज्या चुन्याने त्यांनी चार वर्षं घरं बांधली, तोच चुना त्यांच्या अंगावर बसला.

आणि दुसरा घाव छुपा होता. दोन दिवसांत गाळण्या मेल्या होत्या, थोडा अमोनिया साठला होता. पीएच आठवर असेल तर अमोनियाच्या शंभर रेणूंपैकी चारेकच विषारी रूपात असतात, बाकीचे निरुपद्रवी. पीएच ९.१ झाला की शंभरातले तीसेक. नवीन अमोनिया एक थेंबही न वाढता विष सात-आठ पट झालं. पंचावन्न तास त्यांनी जे पचवलं होतं, तेच आता उलटलं.

सकाळी ६:२०

मला जाग आली ती खळखळीने. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पंप चालू, फ्रीज चालू, भट्टी धडधडतेय. अंथरुणात पडल्या पडल्या नवऱ्याला म्हटलं, “अरे, आली.” तो चारला उठलाच नव्हता.

गोधडी बाजूला केली. टाकीत दूध होतं.

शब्दशः. कोजागिरीचं आटवलेलं दूध जसं दिसतं, किंचित पिवळट, दाट. दिवा लावला तरी दोन इंचांपलीकडचं दिसेना. पृष्ठभागावर साय धरली होती, चुन्याची. बोट बुडवलं तर बुळबुळीत लागलं. एक क्षण मला काहीच कळलं नाही, मग कोपऱ्यातून पंपाची कोरडी घरघर ऐकू आली.

प्लग ओढला. कागदी पट्टीने पीएच बघितला. घरात पांढरा व्हिनेगर होता, तो चुना मारतो, पण जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि प्राणवायू पुन्हा खाली जातो. नको. पटेलकाकांचं दार वाजवलं. “काका, सोडा आहे? साधा, प्यायचा.” त्यांनी काही न विचारता सहा बाटल्या दिल्या. सोड्यातला कार्बन डायॉक्साइड चुन्याला आवरतो. पाव बाटली, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा पाव बाटली. घाईने नऊवरून आठवर आणणं हा आणखी एक धक्का, आणि दुधात हात घालून बसलेल्या माणसाला दहा मिनिटं थांबणं काय असतं ते सांगता येत नाही. रात्री कालवलेल्या दोन बादल्यांपैकी एक हळूहळू सोडली. दुसरी दुपारसाठी राखली.

९:४५

पाणी निवळायला लागलं, आणि निवळायला नको होतं असं वाटलं. टँग वाळूवर आडवा. क्लाउन दोघे कोपऱ्यात, जिवंत. ॲक्रोपोराच्या फांद्यांवरून कातडी पांढऱ्या चिंध्यांसारखी सुटून तरंगत होती. खालून उघडा, स्वच्छ सांगाडा. इतका सुंदर मी तो कधी पाहिला नव्हता. मेंदूचा गोळा पार आत मिटलेला, पण त्याची कातडी अजून होती. तो पुढे तरला. मॉन्टिपोराची अर्धी थाळी तरली.

निळोबाची झालर शिंपल्यात खोल आत गेलेली. पाणी ओढून घ्यायचं तोंड मात्र आ वासून.

११:१०

फोन वाजला. वीज कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज. आपल्या भागात वीजपुरवठा सुरू झाला आहे, आपल्याकडे आली असल्यास एक दाबा. मी एक दाबला.

मग टाकीवर हात धरला. दिव्याखाली, नेहमीच्या जागी. सावली सरळ त्याच्यावर पडली. हात हलवला, पुन्हा हलवला. मुलगा शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही.

मेलेला शिंपला टाकीत ठेवता येत नाही. एवढं मांस काही तासांत कुजून उरलेल्यांनाही घेऊन जातं. दोन्ही हात घालून त्याला उचललं. तळाच्या चिवट दोऱ्यांनी धरलेला एक दगडही बरोबर वर आला. वजन दोन-अडीच किलो असेल. वास अजून आला नव्हता, पण मालवणच्या बाजारात वाढलेल्या नाकाला तो यायच्या आधी कळतो. ठेवायचा कशात म्हणून इकडेतिकडे बघितलं. एका बादलीत अजून मीठपाणी होतं, दुसरीत सोलून पडलेल्या फांद्या काढून टाकत होते. रिकामी बादली घरात एकच होती.